आपल्याच माणसांना दिलेली मदत धर्मादाय नव्हे काय? बंधुसंघांच्या मदतनिधींवरील आक्षेपांचा प्रतिवाद

फ्रीमेसन, ऑड फेलोज, फॉरेस्टर्स अशा बंधुसंघांच्या, म्हणजे विधिपूर्वक सभासद होऊन परस्परांना बांधील राहणाऱ्या लोकांच्या संघटनांच्या, मदतनिधींवर टीका करणारा एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत वाचनात येतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: हे संघ आपल्याच सभासदांना, त्यांच्या विधवांना आणि मुलांना मदत करतात, म्हणून त्याला धर्मादाय कार्य म्हणता येत नाही, सभासदांनी वर्गणी भरायची आणि अडचणीच्या वेळी ती परत मिळवायची, असा हा सुखवस्तू लोकांचा आपसातला विमा आहे, बाहेरच्या गरजूला त्यातून काही मिळत नाही, कोणाला किती द्यायचे हे बंद दाराआड ओळखीपाळखीवर ठरते, आणि सरकारी कल्याणयोजना असताना या निधींचे प्रयोजनही उरलेले नाही. यातला प्रत्येक मुद्दा वाचताना पटण्यासारखा वाटतो, आणि एका मुद्द्यात ऐतिहासिक तथ्यही आहे; ते मी पुढे मान्य करणार आहे. तरीही एकूण निष्कर्ष चुकीचा आहे. तो लोकांनी खरा मानला तर त्याची झळ ज्या घरातला कमावता माणूस गेला आहे त्या घराला लागते, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप धर्मादाय या कल्पनेविषयीच आहे. लाभार्थींचे वर्तुळ मर्यादित असले की मदत धर्मादाय राहत नाही, असे गृहीत धरून मजकुराची सगळी मांडणी केलेली असते. या प्रश्नाचा अतिशय बारकाईने विचार इंग्लंडच्या न्यायालयांनी केलेला आहे. १९५१ मध्ये ‘ओपनहाइम विरुद्ध टोबॅको सिक्युरिटीज ट्रस्ट’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे संसदेच्या ज्या सभागृहाकडे तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम होते त्याने, असा निर्णय दिला की, एका कंपनीसमूहाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला न्यास सार्वजनिक हिताचा ठरत नाही. कर्मचारी एक लाखाहून अधिक होते, तरी त्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे एकाच मालकाकडची नोकरी, आणि एवढ्यावरून त्यांना जनतेचा एक घटक म्हणता येणार नाही, असे त्या निर्णयाचे कारण होते. टीकाकारांच्या बाजूने याहून भक्कम आधार सापडणार नाही. परंतु १९७२ मध्ये ‘डिंगल विरुद्ध टर्नर’ या खटल्यात त्याच सभागृहापुढे एका कंपनीच्या गरीब, वृद्ध आणि काम करण्यास असमर्थ झालेल्या कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतन देण्यासाठी मृत्युपत्राने ठेवलेला निधी आला, आणि तो धर्मादाय असल्याचे सभागृहाने मान्य केले. गरिबीचे निवारण हा हेतू असेल तर लाभार्थी एकाच मालकाचे नोकर असणे आड येत नाही, हे तेथे स्पष्ट झाले. पुढे २००६ च्या कायद्याने प्रत्येक धर्मादाय संस्थेला सार्वजनिक हित दाखवणे बंधनकारक केले, तेव्हा या जुन्या न्यासांचे काय होणार अशी शंका उपस्थित झाली. अखेर २०१२ मध्ये तेथील अप्पर ट्रायब्युनल या वरिष्ठ न्यायाधिकरणाने निर्वाळा दिला की, नाते, नोकरी किंवा एखाद्या संघटनेचे सभासदत्व यांवरून लाभार्थी ठरत असले तरी गरिबीनिवारणाचे न्यास धर्मादायच राहतात.

या निर्णयांमागचा विचार मला केवळ तांत्रिक वाटत नाही. सुस्थितीतल्या माणसाच्या मुलाला केवळ तो सभासदाचा मुलगा आहे म्हणून शिक्षणाचा खर्च देणे ही सवलत झाली. त्याच संघातल्या, वडील गमावलेल्या आणि फी भरू न शकणाऱ्या मुलाला तीच रक्कम देणे हे संकटनिवारण झाले. दोन्ही मुले एकाच वर्तुळातली आहेत, फरक गरजेचा आहे. म्हणूनच जबाबदारीने चालवलेले निधी अर्जदाराचे उत्पन्न, बचत आणि घरची परिस्थिती तपासल्याशिवाय मदत मंजूर करीत नाहीत, आणि बहुसंख्य सभासदांना आयुष्यभरात त्या निधीतून एक पैसाही मिळत नाही.

येथे एक गल्लतही दूर केली पाहिजे. संघ आणि त्याचा मदतनिधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनायटेड ग्रँड लॉज या इंग्लंडमधल्या फ्रीमेसनांच्या मध्यवर्ती संस्थेने आपल्या वास्तूवरील स्थानिक करात धार्मिक कार्याच्या आधारे सूट मागितली होती, तेव्हा १९५७ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. फ्रीमेसन संघटना स्वतः धर्मादाय नाही हे मलाही मान्य आहे. बैठका, विधी आणि भोजने यांना कोणी धर्मादाय म्हणू नये. गरजूंना मदत करणारा मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन हा स्वतंत्र नोंदणी असलेला न्यास आहे, आणि एकाचे दूषण दुसऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

विम्याचा आक्षेप अर्धवट माहितीवर उभा आहे. बंधुसंघांच्या इतिहासात खरोखरच विमा चालवणाऱ्या संस्था होऊन गेल्या. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल येथे जॉन अपचर्च यांनी स्थापन केलेल्या ‘एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन’मध्ये सभासदाचा मृत्यू झाला की इतरांकडून प्रत्येकी एक डॉलर गोळा करून वारसांना ठरलेली रक्कम दिली जाई. ती रक्कम वारसांचा हक्क होती. घर गरीब आहे की श्रीमंत, हे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. अशा व्यवस्थेला विमा म्हणणे योग्यच आहे. सभासदांचे सरासरी वय वाढत गेले की मृत्यूंचे प्रमाण वाढते, मागणीचे हप्ते वाढतात आणि तरुण माणसे बाहेर पडतात, या कारणाने तशा अनेक संस्था अडचणीत आल्या.

मदतनिधीचे काम याच्या नेमके उलट चालते. तेथे वर्गणी भरल्याने कोणताही हक्क निर्माण होत नाही. चाळीस वर्षे नियमित देणगी दिलेला सभासद सुस्थितीत असेल तर त्याच्या घरी काहीही जात नाही, आणि दोनच वर्षांपूर्वी दाखल झालेला सभासद अपघातात गेला तर त्याच्या पत्नीला मुले मोठी होईपर्यंत आधार मिळू शकतो. विम्याच्या हिशेबात हे बसूच शकत नाही. शिवाय मदत घेणाऱ्यांत मोठा भाग विधवांचा आणि मुलांचा असतो. त्यांनी स्वतः कधी वर्गणी भरलेली नसते, आणि जिथे स्त्रियांना प्रवेशच नव्हता अशा संघांत त्यांना ती भरताही आली नसती. इंग्लंडच्या फ्रीमेसननी १८४२ मध्ये वृद्ध सभासदांसाठी वर्षासनाचा निधी उभारला आणि १८४९ मध्ये विधवांसाठी तसाच दुसरा निधी सुरू केला. त्याच्याही आधी, १७८८ मध्ये, बार्थोलोम्यू रुस्पिनी या दंतवैद्याच्या पुढाकाराने सभासदांच्या निराधार मुलींसाठी शाळा काढण्याचे ठरले, आणि ती पहिल्या १५ मुलींनिशी सुरू झाली. त्या मुलींनी कोणता हप्ता भरला होता?

सुखवस्तूंचा आपसातला व्यवहार हे वर्णन तर इतिहासाशी अजिबात जुळत नाही. आपसात वर्गणी काढून संकटाला तोंड देण्याची गरज ज्यांच्याकडे स्वतःची पुंजी नसते त्यांनाच अधिक असते. रोमजवळच्या लानुव्हियम येथे इ. स. १३६ मधला एक शिलालेख सापडला आहे; त्यात अंत्यसंस्कारासाठी स्थापन झालेल्या मंडळीचे नियम कोरलेले आहेत. प्रवेशशुल्क १०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या मद्याचा एक रांजण, दरमहा किरकोळ नाणी, आणि सभासद मेला तर अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स. या मंडळीत गुलामही सभासद होते. गुलाम सभासद मेला आणि मालकाने आडमुठेपणाने त्याचा देह दिला नाही, तर त्याच्या प्रतिमेवर अंत्यविधी करावा, असे कलम त्या नियमांत आहे. ज्याचा देहसुद्धा स्वतःच्या मालकीचा नव्हता त्या माणसाला मृत्यूनंतर सन्मान मिळावा, यासाठी त्याच्या सोबत्यांनी केलेली ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

फिलाडेल्फियात १७८७ मध्ये रिचर्ड अॅलन आणि ॲब्सलोम जोन्स या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. दोघेही पूर्वी गुलाम होते. सभासदाने दरमहा एक शिलिंग द्यायचा. वर्ष पूर्ण झाल्यावर, गरज पडली आणि ती स्वतःच्या बेफिकिरीने ओढवलेली नसली, तर आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स मिळत. सभासद वारल्यास त्याच्या विधवेला ती पुनर्विवाह करीपर्यंत लाभ मिळावा आणि मुलांना मोफत शाळेत प्रवेश मिळाला नाही तर त्यांच्या शिक्षणाची सोय संस्थेने करावी, असेही नियमांत होते. गरजेची अट येथेही आहे, हे ध्यानात घ्यावे.

बाहेरच्या गरजूला काही मिळत नाही, या आक्षेपाचेही उत्तर याच संस्थेच्या इतिहासात आहे. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची भयंकर साथ आली, तेव्हा ॲलन आणि जोन्स यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय नागरिकांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि मृतांचे दफन केले. ज्यांची सेवा केली त्यांतले बहुतेक गोरे होते, म्हणजे वर्तुळाबाहेरचे होते. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रीमेसननी लंडनच्या फुलहॅम रोडवर चालवलेल्या रुग्णालयात ४,००० हून अधिक सैनिकांवर उपचार झाले. अलीकडच्या काळात लंडनच्या फ्रीमेसननी शहराच्या हवाई रुग्णवाहिका सेवेला दुसऱ्या हेलिकॉप्टरसाठी २० लाख पौंड दिले, आणि अग्निशमन दलाला ६४ मीटर उंचीपर्यंत पोचणाऱ्या दोन शिड्यांसाठी २५ लाख पौंड दिले. वृद्ध सभासदांसाठी उभारलेल्या निवासगृहांत आज बाहेरच्या लोकांनाही प्रवेश मिळतो. मात्र ही यादी मी आक्षेप खोटा आहे एवढे दाखवण्यापुरतीच देतो आहे. बाहेरच्यांना दिले म्हणून आतल्यांना देणे क्षम्य ठरते, असे मला म्हणायचे नाही. आतल्या गरजूला दिलेली मदत स्वतःच्या बळावर समर्थनीय आहे.

ओळखीपाळखीच्या आक्षेपात मात्र तथ्य होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या अनेक धर्मादाय संस्थांप्रमाणे फ्रीमेसनांच्या शाळा आणि वर्षासने यांचे लाभार्थीही वर्गणीदारांच्या मतदानाने निवडले जात. देणगी जितकी मोठी तितकी मते अधिक. साहजिकच ज्या विधवेच्या दिवंगत पतीचे मित्र जास्त, तिच्यासाठी जोराचा प्रचार होई, पत्रके वाटली जात, मतांची देवाणघेवाण होई. आणि जिच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते ती कदाचित अधिक गरजू असूनही मागे पडे. एका आईला आपल्या मुलाच्या पोरकेपणाची जाहिरात करायला लावणारी ही पद्धत होती, आणि तिचा बचाव करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ने या मतदानपद्धतीवर कडक टीका केली होती, आणि ती टीका रास्त होती. पण ती पद्धत कालबाह्य झाली आहे. मुली-मुलांचा न्यास, वृद्धांचा न्यास, वैद्यकीय मदतीचा निधी आणि सर्वसाधारण मदतीचा निधी अशा चार वेगवेगळ्या संस्थांचे काम २०१६ मध्ये मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशनखाली एकत्र आले; तेथे अर्ज येतो, कागदपत्रे तपासली जातात आणि उत्पन्नाच्या निकषांवर निर्णय होतो. हिशेबांबद्दल तर फार बोलण्याचीही गरज नाही: इंग्लंडमधल्या नोंदणीकृत मोठ्या न्यासाला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयोगाकडे द्यावे लागतात आणि ते कोणालाही पाहता येतात. विधी गुप्त असले म्हणून जमाखर्च गुप्त असतो असे नाही.

शेवटचा आक्षेप सरकारी योजनांचा. १९११ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय विम्याचा कायदा केला, तेव्हा आजारपणातले भत्ते वाटण्याचे काम ‘मान्यताप्राप्त सोसायट्यां’कडे सोपवले, आणि त्यांत अशा परस्परसाहाय्य संघांचा मोठा वाटा होता. आजारी माणसाच्या घरी जाऊन त्याची खरी परिस्थिती पाहण्याची यंत्रणा त्यांनी आधीच उभी केलेली होती. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा आल्यावर हे काम संपायला हवे होते, असे टीकाकार म्हणतील. तरीही १९९० मध्ये फ्रीमेसननी नवा वैद्यकीय निधी काढला, कारण शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत महिनोन्‌महिने वेदना सोसणारे आणि खासगी उपचार न परवडणारे लोक त्यांना आपल्याच लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखांमध्ये, दिसत होते. प्रत्येक लॉजमध्ये आल्मोनर नावाचा एक पदाधिकारी असतो. आजारी सभासदांची आणि विधवांची विचारपूस ठेवणे हे त्याचे नेमून दिलेले काम आहे. सरकारी कार्यालयात अर्ज आल्यावर काम सुरू होते. आल्मोनरचे काम अर्ज यायच्या आधीच सुरू झालेले असते, आणि कोणत्या सरकारी लाभावर त्या घराचा हक्क आहे हे सांगून तो अर्ज भरायला मदत करणे हाही त्याच कामाचा भाग असतो.