"हुशार पोराला शिष्यवृत्ती मिळतच नाही": त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडपासून हिंगोलीपर्यंत पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचा सारांश असा: शिष्यवृत्ती पंच्याण्णव टक्क्यांच्या वरच्यांनाच मिळते, खुल्या गटातल्या पोराला काहीच नाही, फॉर्म भरला तरी पैसे येत नाहीत, तेव्हा नादी लागू नका, रान विका नाहीतर सावकार गाठा. हे वाचून फॉर्मच न भरणारी घरं मी पाहतो आणि जीव तुटतो.

आधी गुणांचं बघू. केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती पंच्याण्णवचा आकडा मागतच नाही. आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत नंबर असला आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं, की अर्ज करता येतो. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीची पहिली तीन वर्षं दरसाल १२,००० रुपये. विज्ञान, वाणिज्य, कला यांचे वाटे वेगळे आहेत, त्यामुळे कला शाखेतल्या पोरीची स्पर्धा नीटची तयारी करणाऱ्यांशी नसते. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असाल तर ही मिळत नाही. कोणती जास्त फायद्याची, याचा हिशेब अर्जाआधी करावा.

गुण फार लागतात अशीही केंद्राची एक शिष्यवृत्ती योजना आहे: इन्स्पायर. तिला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात यावं लागतं, पण रक्कम वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत आहे आणि ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच आहे. मेडिकलची सीट थोडक्यात हुकल्यावर खाली मान घालून बीएस्सीला गेलेली किती तरी पोरं या अटीत बसू शकतात. क्लासच्या धामधुमीत त्यांच्या कानावर हे नावही पडत नाही.

खुल्या गटाला काहीच नाही, हा दावा सरळ खोटा आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलांची कॉलेजची निम्मी शिक्षण फी त्यातून निघते. मुलींची २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एक अट मात्र पालक विसरतात: प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की हा हक्क गेला. 'दोन राउंड कशाला थांबायचं, आत्ताच सीट पक्की करू' असं म्हणणारा माणूस भेटला, तर सही करण्याआधी चार वर्षांच्या फीची बेरीज कागदावर मांडा.

आयआयटीबद्दलही हीच भीती घातली जाते. तिथे अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांची शिक्षण फी माफ असते. बाकीच्यांचं घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ. हॉस्टेल आणि मेसचा खर्च राहतो, पण तेवढ्यासाठी पोरानं जागा सोडू नये.

आता 'पैसे येत नाहीत' हा मुद्दा. यात तथ्य आहे. हप्ते उशिरा येतात, आणि तोवर कॉलेज फीसाठी तगादा लावतं, हा अन्यायच आहे. पण अनेक अर्ज मंजुरीच्या आधीच मरतात, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. मार्कमेमोवर एक नाव, आधारवर दुसरं. बँकेत खातं आहे, पण ते आधारशी जोडलेलं नाही. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून आहे आणि कुणी विचारायला गेलेलं नाही. पहिल्या वर्षी पैसे आले, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचं राहिलं.

मराठवाड्यात यावर आणखी एक ओझं आहे: जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे हे सरकारी समितीकडून तपासून घेणं. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्याकडे निजामाच्या काळातली कागदं उर्दूत आहेत. आजोबांच्या शाळेचा दाखला, खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) शोधा, भाषांतर करून घ्या, मग समितीकडे जा, महिने जातात. बीड, धारूरकडची ऊसतोड करणारी घरं दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेलेली असतात, वडिलांची सही आणायची कुठून? म्हणून ही कागदं अकरावीच्या उन्हाळ्यातच काढावीत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर, सगळं सेतू केंद्रात एकदाच मार्गी लावावं. निकालानंतरच्या पंधरवड्यात तिथली रांग पाहिलेल्याला हे पटेल.

मेसेजच्या शेवटी एनटीएसई (राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षा) आणि केव्हीपीवाय (किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना) या शिष्यवृत्ती परीक्षांच्या क्लासचा सल्लाही असतो. पहिली परीक्षा २०२१ पासून थांबली आहे, दुसरी २०२२ मध्ये बंद झाली. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. घरात आठवीतलं लेकरू सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल आणि उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर त्याला एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात.

राहिलं रान विकणं. त्याआधी राहण्याखाण्याचा भत्ता तपासा: सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. तरीही कमी पडलं तर केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना आहे. या योजनेच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला की शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, जामीनदारही लागत नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दुसरी सरकारी सवलत घेत नसतील तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे. सात-बारा बँकेपुढे ठेवावा लागत नाही.