शेअर्ड शीट पुरत नाही

‘वेगवेगळ्या शहरांतून काम करणाऱ्या संशोधन गटाला एक शेअर्ड स्प्रेडशीट पुरते’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आम्ही तिघं तीन गावांतून एकाच शीटमध्ये जनुकांची यादी भरत होतो. ‘सेप्ट२’ (SEPT2) हे एका जनुकाचं छोटं नाव टाइप केलं की शीट त्याची परस्पर २ सप्टेंबर करून टाकायची. कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि तीन आठवड्यांचं विश्लेषण पुन्हा करावं लागलं. हा घोळ जगभर इतका झालाय की ह्यूगो या मानवी जनुकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जनुक-नामकरण समितीने २०२० मध्ये चक्क नियम बदलले: सेप्ट२चं सेप्टिन२ झालं, मार्च१चं मार्चएफ१.

विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवा, रकान्याचा प्रकार आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच नावं भरा. आणि मूळ डेटाची फाइल सगळ्यांना फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा.