खुलासा : नेसरीची लढाई खोटी, असं मी म्हटलेलं नाही

गेल्या महिन्यात वाचलेल्या इतिहासाच्या पुस्तकांवर आणि कादंबऱ्यांवर मी चार ओळी खरडून मित्रांना पाठवल्या. फिरत फिरत त्या कोल्हापुरात रंकाळ्यावरच्या सकाळच्या कट्ट्यावर पोचल्या त्या अशा : ‘नेसरीची लढाई कादंबरीकारांची कल्पना आहे, असं हे म्हणतात.’ दोघांनी चालता चालता अडवून जाब विचारला. एकाने तर नमस्कार करणंच सोडलं.

तर, लढाई झाली. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीजवळ शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर विजापूरच्या बहलोलखानाशी लढताना पडले. प्रतापराव या लढाईत पडले, हे सभासदाच्या बखरीत, म्हणजे जुन्या शिवचरित्रात, आहे. आधी उमराणीला कोंडलेल्या खानाला प्रतापरावांनी सोडून दिलं म्हणून महाराज रागावले होते, हेही आहे. त्या वेळच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात प्रतापरावांसोबत सहा स्वारांचा उल्लेख सापडतो. म्हणजे प्रतापराव धरून सात वीरांचा आकडाही हवेतला नाही.

मी शंका घेतली ती फक्त नावांवर. विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव वगैरे जी सहा नावं मोबाईलवर फिरतात, त्यांना समकालीन कागदाचा आधार नाही. कादंबरीकाराने नावं द्यावीत, संवाद घालावेत, घोड्यांच्या टापाही ऐकवाव्यात. मी कादंबऱ्या आवडीने वाचतो, रात्री दोनपर्यंत. पण तीच नावं उद्या शाळेच्या भाषणात पुरावा म्हणून आली, की मला खटकतं. माझ्या मूळ चार ओळींत एवढंच होतं.