पार्कावर जाऊ म्हणजे

सोलापुरात ‘पार्कावर जाऊ’ म्हटलं की कुणी झाडाखाली बसायला जात नाही. पार्क म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियम, पार्क चौक म्हणजे त्याच्या अंगाचा चौक, आणि पार्कावर जाणं म्हणजे चौपाटीच्या गाड्यांवर उभ्यानं काहीतरी तिखट खाणं. अमेरिकेत मिनियापोलिसला आलो तेव्हा सुरुवातीची दोन वर्षं हे मला नडलं. ऑफिसात कुणी म्हणालं, संध्याकाळी पार्कात भेटू, की मला भूक लागायची.

आज हे आठवायचं कारण शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप. गेल्या महिन्यात एकानं घराजवळच्या बागेचा फोटो टाकला. झोक्याची चौकट उभी, झोके दोन्ही गायब, वरच्या कड्यांना साखळीचे वीतभर तुकडे लोंबताहेत. शेजारी ओपन जिमची सायकल, तिला एकच पायडल. दहा मिनिटांत निकाल लागला. आमच्यातल्या एकाला आम्ही नववीपासून मास्तर म्हणतो. त्यानं लिहिलं, ‘आपल्या लोकांची लायकीच नाही बे. बागा ठेकेदाराला द्या, वीस रुपये तिकीट लावा, बघा कशा सुधारतात.’ दुसरा म्हणाला, ‘चार दिसाआड पाणी येऊलालंय, अन् ह्यांना झोके पायजेत.’ मग सगळे माझ्याकडे वळले. ‘अमेरिकावाले, तुमच्याकडचं सांगा की.’ मी टाईप करायच्या आत उत्तरही मास्तरनंच दिलं : ‘त्यांच्याकडं लोकांना शिस्त आहे.’

हे वाक्य मला चावतं. त्यात माझाही दोष आहेच. दर ऑक्टोबरला मिसिसिपीकाठच्या लाल मेपलचे फोटो ग्रुपवर टाकणारा मीच.

तर ती शिस्त. जुलै २०२४ मध्ये इथल्या पार्कांच्या कामगारांनी संप केला. बागा सांभाळणाऱ्या पार्क बोर्डाच्या १४१ वर्षांतला पहिला. साधारण तीन आठवडे चालला, आणि सुरू झाला तो ऐन चार जुलैच्या सुट्टीला. पाच तारखेला सकाळी मी तळ्याकाठी चालायला गेलो. कुंडी तोंडापर्यंत भरलेली. तिच्या शेजारी पिझ्झाचे खोके कंबरेइतके रचलेले, त्यावर कुणीतरी गुंडाळी केलेला डायपर अगदी अलगद ठेवलेला, आणि दोन खारी एका खोक्यावरून भांडत होत्या. गवत घोट्याच्या वर गेलेलं. लोक तेच होते हो, मेपलच्या फोटोत मागून पळताना दिसतात तेच. रोज पहाटे पिकअप घेऊन येणारी माणसं तेवढी नव्हती. ती फलक घेऊन रस्त्यावर उभी होती.

खोक्यांचा फोटो मी मास्तरला पाठवला. त्याचं उत्तर : ‘तीन आठवड्यांचं सोड, बाकीच्या वर्षांचं बोल.’

बरं, बोलतो. मिनियापोलिसच्या बागा सिटी कौन्सिलच्या हातात नाहीत. १८८३ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदा केला, गावात त्यावर मतदान झालं आणि बागांसाठी वेगळं बोर्ड आलं. नऊ कमिशनर, दर चार वर्षांनी थेट निवडून येतात, सहा आपापल्या भागातून आणि तीन सगळ्या शहरातून. त्यांचा कर वेगळा, त्यांचे पोलीससुद्धा वेगळे. तळी त्यांची, नदीकाठ त्यांचा, रस्त्याकडेची झाडंही त्यांची. माझ्या दारातल्या ॲशच्या झाडाला कीड लागली तेव्हा तो कापायला आले ते बोर्डाचेच लोक, आणि पुढच्या वसंतात त्याच जागी काठीला बांधलेलं दुसरं रोप लावून गेले ते पण तेच. त्याला पाणी घाला अशी चिठ्ठी मात्र मला.

हे ऐकून मास्तर लगेच म्हणेल, बघ, शहाण्यांचं गाव. नाही रे बाबा. बोर्ड काढलं ते व्यापाऱ्यांनी, कारण त्यांचा कौन्सिलवर विश्वास नव्हता. कामगारांच्या संघटनेनं विरोध केला होता. १८८० च्या जनगणनेत हे गाव पन्नास हजारांच्या आतलं होतं, पिठाच्या आणि लाकडाच्या गिरण्यांचं. आपली नगरपालिका त्याच्याही आधीची, १८५२ ची. याच नगरपालिकेनं ६ एप्रिल १९३० ला स्वतःच्या इमारतीवर तिरंगा लावला, पुढं गावानं मार्शल लॉ भोगला आणि चौघं फासावर गेले. त्या गावाला झोके सांभाळायची लायकी नाही, हे मी ऐकून घेणार नाही. (मला माहितीय, हुतात्म्यांचा आणि झोक्यांचा संबंध नाही. पण इतक्या लांबून भांडताना हाताला लागेल ते फेकावं लागतं.)

माझं म्हणणं एवढंच आहे की झोका कुणाचा, हे ठरलेलं पाहिजे. त्या माणसाचं नाव माहीत पाहिजे आणि त्याला पुढच्या खेपेला घरी बसवता आलं पाहिजे. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात कामांच्या दोन याद्या आहेत. पाणी, गटारं, दिवे, सफाई ही बंधनकारक. बागा, मैदानं दुसऱ्या यादीत, म्हणजे ऐच्छिक. जमलं तर करा. त्यामुळे ‘आधी पाणी’ म्हणणारा माझा मित्र कायद्याला धरूनच बोलतोय, आणि जोवर पाण्याची रड आहे तोवर बागेचा नंबर लागणार नाही हेही त्यातच आलं. त्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासक. झोका गेला तर आधी निदान नगरसेवकाच्या दारात चप्पल काढायची सोय होती, तीही नव्हती. त्याआधी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, पेढे वाटले. तेव्हाही वेगळी संस्था निघालीच की. पण ती निघाली कंपनी. कंपनीच्या संचालकांना कुणी मत देत नाही.

आणि तिकीट? तिकिटाला माझा विरोध आहे. वीस रुपये मास्तरला काही नाहीत. ज्या विडी कामगार बाईच्या घरात पंखा एक आणि माणसं सात, तिला सहाच्या सुमाराला बागेत बसायचं असतं, तिला आहेत. इथं कुठल्याही तळ्यावर जायला पैसे पडत नाहीत.

हे मी ग्रुपवर लिहिलं. जे लिहिलं नाही ते असं : तळ्याकाठी गाडी लावायला पैसे पडतात. कुत्रं मोकळं सोडायचा परवाना लागतो, बर्फात स्की करायला पास लागतो, वाढदिवसाला पत्र्याची शेड हवी तर बुकिंग. काठावरची खाण्याची दुकानं ठेकेदारच चालवतात आणि बोर्डाला त्यांच्याकडून वाटा मिळतो. म्हणजे मास्तरचा ठेकेदार इथंही आहे, फक्त फाटकावर बसलेला नाही. ग्रुपवर माझी बाजू चांगली चालली होती, मध्येच हे कशाला काढा.

तसंच २०२० च्या उन्हाळ्याचं. पावडरहॉर्न पार्कात बेघर लोकांचे शेकडो तंबू पडले. बोर्डानं आधी राहू दिलं, मग प्रत्येक पार्कात तंबू किती ते ठरवून दिलं, मग हलवलं. आम्ही सगळे सहानुभूतीवाले, मुलांना मात्र त्या दिवसांत दुसऱ्या पार्कात नेत होतो.

शहरातून वाहणारी नदी सोलापूरला नाही. सीना बाजूनं जाते, प्यायचं पाणी उजनीवरून भीमेचं. आपला काठ म्हणजे तळ्यांचा काठ. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातला, सिद्धरामेश्वरांनी माणसं जमवून खणलेला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इथल्या ज्या तळ्याचे फोटो बघून ग्रुपवर ‘निसर्ग काय दिलाय देवानं’ असं येतं, ते लेक ऑफ द आइल्स पूर्वी दलदल होती. बोर्डानं वर्षानुवर्षं गाळ उपसून त्याला आकार आणला. दोन्ही तळी माणसाच्या हातची. एकाचं श्रेय आपण देवाला देतो, एकाचं अमेरिकेला.

नदीकाठचं मात्र मला खरंच लागतं. इथं स्टोन आर्च ब्रिज आहे, रेल्वेसाठी बांधलेला, तोही १८८३ चाच. गाड्या बंद पडल्या आणि १९९४ पासून तो चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळा झाला. त्याच्या एका टोकाला जुन्या पिठाच्या गिरण्यांचे पाये उकरून तसेच ठेवलेत, पाण्याच्या बोगद्यांसकट. मिल रुइन्स पार्क. पडक्या भिंतीवर पोरं बसतात, नवरा-नवरी लग्नाचे फोटो काढतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्या दगडांत उभा राहून आजोबांचा विचार करत होतो. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंगा झाला की आजी चुलीवर तवा ठेवायची, घड्याळ आमच्या घरात नव्हतंच. गिरण्या दोन्हीकडच्या बंद पडल्या. इथं पडक्या भिंतीलाही सांभाळणारा कुणीतरी आहे, याचा मला त्या दिवशी इतका राग आला की बायको म्हणाली, अरे, फिरायला आलोय आपण.

आणि नावं. इथल्या एका मोठ्या तळ्याला काल्हून नाव होतं, गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्या उपराष्ट्राध्यक्षाचं. त्याचं मूळ नाव, इथल्या डकोटा आदिवासींचं, बडे माका स्का, परत आणावं म्हणून वाद झाला, तो राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०२० मध्ये नवं, म्हणजे जुनं नाव टिकलं. मी कटाक्षानं तेच म्हणतो, कुणी काल्हून म्हटलं तर दुरुस्त करतो. आणि विजापूर रोडवरच्या तलावाला धर्मवीर संभाजी तलाव नाव होऊन जमाना झाला, तरी मी घरी अण्णांना फोनवर विचारतो, ‘कंबर तलावावर जाऊन आलात का?’

मागच्या जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, दिवसांत घरी होतो. अण्णांबरोबर सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं निघालो. त्यांनी बाकावर रुमाल पसरला, बसले, आणि समोर बोट केलं, ‘फोटो काढ.’ पाण्यावर झेंडूचे हार तरंगत होते, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि अर्धा नारळ. मी दोन पावलं डावीकडे सरकलो, मोबाईल वर उचलला. देऊळ आलं, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब आलं, हार गेले. तो फोटो मी मिनियापोलिसच्या मित्रांना पाठवला. सगळ्यांनी वाहवा केली. अण्णांनी मोबाईल हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, ‘हे कुठलं रे?’

पार्क बोर्डाच्या सभेत नाव नोंदवून कुणीही बोलू शकतं, दोन-तीन मिनिटं. मी एकदा गेलोय. आम्ही दहा-बारा देशी रविवारी फुटबॉलच्या मैदानावर क्रिकेट खेळायचो, आमची मागणी होती मॅटिंगच्या पट्टीची. नाव सांगितलं, कुठं राहतो ते सांगितलं. आवाज थरथरत होता. मला एकाएकी आठवलं, वयाची सव्वीस वर्षं सोलापुरात काढली, पण पालिकेच्या सभागृहाचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे तेही मला माहीत नाही. तिथं असताना मला काही मागावंसं वाटलंच नव्हतं. कमिशनरबाईंनी आभार मानले, पुढचं नाव पुकारलं. पट्टीचं पुढं बघू म्हणाले.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, अर्थात शोभून दिसेल तेवढंच. बोला म्हणालो, सभेला जा, नाव विचारा, मत मागायला आलेल्याला झोक्याबद्दल विचारा. मास्तरनं पूर्ण वाचलं असावं, कारण उत्तराला वेळ लागला.

‘तू कुठं मत देतोस बे?’

इथं मी घर घेतलंय, पार्कांचा कर भरतो, माझा पार्क डिस्ट्रिक्ट कोणता ते झोपेतही सांगेन. पण मत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, ती रांग माझ्या हयातीत सरकेल की नाही कोण जाणे. सोलापूरच्या मतदार यादीत माझं नाव नाही, आमचा प्रभाग कितवा हे मला अण्णांना विचारावं लागतं. हे सगळं टाईप केलं, परत वाचलं, पुसलं.

मग लिहिलं, ‘झोका झाला का नीट?’

सोलापुरात सकाळचे साडेसहा झाले असतील. मास्तर बागेतच होता, रोज जातो तो. फोटो आला. चौकटीला नवी कोरी साखळी, हार्डवेअरच्या दुकानातली वाटत होती, फळीच्या जागी दुहेरी घडी घातलेलं टायर.

‘एक केलाय. दुसऱ्याला साखळी कमी पडली.’