मिशा येत नाहीत, तात्या

परवा रात्री साडेदहाला वहिनीचा फोन. भाची बाथरूमला आतून कडी लावून बसलीय, गुरुवारचं गुडघ्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन घेणार नाही म्हणतेय. का, तर तिला मिशा येणार आहेत. अकरा वर्षांची पोर. आणि या मिशा आल्या कुठून, तर आमच्या फॅमिली ग्रुपवर तात्यांनी टाकलेल्या फॉरवर्डमधून. 'मुलांना स्टिरॉइडची इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टरांपासून सावधान', खाली मुद्दे, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्ह, शेवटी 'किमान दहा पालकांपर्यंत पोचवा'. दहा पालकांचं माहीत नाही, पण एका पेशंटपर्यंत नक्की पोचला, कारण संध्याकाळी आईचा फोन तिच्याच हातात असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिचा उजवा गुडघा दोन-अडीच महिने सुजलेला होता, सकाळी उठली की पाय आखडलेला, लंगडत लंगडत ब्रश करायला जायची आणि तासाभरात मोकळी व्हायची, त्यामुळे आम्हाला वाटलं शाळेत पडली असेल आणि आम्ही शेकत बसलो. ते आमचं चुकलंच. निदान झालं लहान मुलांच्या संधिवाताचं, कागदावर जेआयए लिहितात. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू होतो, सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकतो, दुसरं कारण सापडत नाही. हो, मुलांना पण संधिवात होतो, 'या वयात कसला वात' हे वाक्य ऐकून कान किटले आता.

तर आधी मिशा. फॉरवर्ड म्हणतो, जिममधले पैलवान घेतात तेच हे स्टिरॉइड, मुलींचा आवाज घोगरा होतो, दाढी-मिशा येतात. स्टिरॉइड हे रसायनांच्या एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे, पाटील आडनावाची सगळी माणसं एकाच घरात राहतात का? जिमवाल्यांचं असतं ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं. गुडघ्यात देतात ते कॉर्टिसोलच्या जातीचं, म्हणजे आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात त्या रोज सकाळी जे बनवतात त्याचा भाऊ. आणि हे काल कुणी शोधून आणलेलं नाही. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये याच जातीचं कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं ते संधिवाताच्याच पेशंटला, आणि १९५० साली केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना त्या ग्रंथींच्या हार्मोन्सवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मोठ्या डोसच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या तर चेहरा गोल होतो आणि गालावर बारीक लव वाढते, हे खरं आहे, डोस उतरला की तीही उतरते. पण एका गुडघ्यात एक इंजेक्शन आणि मिशा? काहीही.

दुसरा मुद्दा, उंची खुंटते. याच्यातही अर्धं खरं आहे म्हणून जास्त राग येतो. रोज स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर वाढ मंदावते, हाडं कमजोर होऊ शकतात, म्हणून तर डॉक्टर गोळ्या टाळायला बघतात! अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना मी बसून वाचल्या (रात्री दोनपर्यंत, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जांभया). मोजकेच सांधे धरलेल्या मुलांसाठी त्यात स्पष्ट म्हटलंय की सुरुवातीच्या उपचारात सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन द्या, ही जोरदार शिफारस आहे, आणि तोंडाने स्टिरॉइड शक्यतो सुरुवातीला देऊ नका. म्हणजे ज्या गोष्टीला तुम्ही घाबरता तिला ते पण बिचकतात, आणि म्हणूनच इंजेक्शन निवडतात. इतकंच नाही तर उलटी गंमत ऐका, सुजलेल्या गुडघ्याकडे रक्त जास्त जातं आणि लहान वयात त्या पायाचं हाड जास्त वाढतं, एक पाय लांब एक आखूड. अशा मुलांना लवकर इंजेक्शन दिलं तर पायांतला हा फरक कमी राहतो असा अभ्यास १९९९ सालीच छापून आलाय. म्हणजे वाढीची काळजी असेल तर थांबणं महागात पडतं.

'चौदाव्या वर्षी आपोआप बरं होतं, थांबा' असाही एक मुद्दा आहे, त्याचं उत्तर वर आलंच. फक्त एक भर, या आजारात काही मुलांचे डोळे आतून सुजतात, लाल होत नाहीत, दुखत नाहीत, मूल काही सांगत नाही आणि नजर जाऊ शकते. म्हणून दर काही महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या मशीनवर, तपासणी. थांबा म्हणणाऱ्याला हे माहीत आहे?

डॉक्टरांना कमिशन मिळतं हा मुद्दा सोडून देते, त्याला उत्तर देण्यात अर्थ नाही. 'सवय लागते' म्हणे, दारूसारखी. नाही लागत.

पण त्याच्याच खाली जे लिहिलंय त्यासाठी मी हे सगळं टाइप करतेय. 'तुमच्या मुलाला स्टिरॉइड चालू असेल तर आजच बंद करा, शरीर स्वतः शुद्ध होईल.' तात्या, आपल्याच ग्रुपवर किडनीच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारा मुलगा आहे, त्याच्या आजीने तुमच्या या मेसेजला हात जोडलेत. बाहेरून काही आठवडे स्टिरॉइड मिळालं की त्या टोपीसारख्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात, सुट्टीवर जातात म्हणा. गोळी हळूहळू कमी केली तर परत कामाला लागतात. एका दिवसात बंद केली तर शरीरात कुठूनच कॉर्टिसोल नाही, आणि वर ताप किंवा उलट्या आल्या तर बीपी पडतं, साखर पडते, मूल कोसळतं, जीव जाऊ शकतो. याला शुद्ध होणं म्हणत नाहीत. त्या आजींना मी रात्रीच फोन केला. गोळी चालू आहे.

भीती अगदी हवेतून आलेली नाही हे मान्य. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी आपण सगळ्यांनी बघितली, शुगर वाढलेली आणि स्टिरॉइड वाट्टेल तसं दिलेलं हे त्यातलं मोठं कारण होतं. पण मग त्याच फॉरवर्डच्या शेवटी एका बिननावाच्या पुडीची जाहिरात का? असल्या 'शंभर टक्के नैसर्गिक' पुड्यांमध्येच गुपचूप स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्यात. दोन दिवसांत गुडघा उतरला की समजा.

आता शेवटचा मुद्दा, 'मुलांना आधी काही सांगू नका, घाबरतात'. हा वाचून मला लाज वाटली, कारण आम्ही तेच केलं होतं. 'काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं' एवढंच. म्हणजे तिला इंजेक्शनबद्दल नीट काही सांगणारा पहिला माणूस कोण, तर हा फॉरवर्ड.

मग बाथरूमच्या दाराबाहेर फरशीवर बसून सांगितलं. तुझ्या अंगातले चौकीदार चोर समजून तुझ्याच गुडघ्याला झोडपतायत, त्यांना शांत करायचंय. दूध उतू चाललं की आपण आधी काय करतो? गॅस बारीक. आतून आवाज आला, 'म्हणजे बिल्डिंगची पाइपलाइन बंद करायची नाही, फक्त आपली शेगडी?' बरोबर. गोळी म्हणजे पाइपलाइन, इंजेक्शन म्हणजे शेगडी. दुखेल का? सुई आहे, टोचेल, पण आधी बधिर करायचं क्रीम लावतात किंवा थोडा वेळ झोपवतात, तुला काय करणार ते डॉक्टरांना तूच विचार. साचलेलं पाणी आधी काढतात, मग औषध. एक-दोन दिवस उड्या बंद. कधीकधी टोचलेल्या जागी कातडी पांढुरकी होते किंवा बारीक खळगा पडतो, बहुतेकदा हळूहळू भरतो. जंतू शिरून सांधा पिकणं फार क्वचित, पण ताप आला, गुडघा लाल झाला तर लगेच सांगायचं. आराम किती दिवस? बऱ्याच मुलांना कित्येक महिने, काहींना परत द्यावं लागतं, हेही सांगितलं.

'आणि मिशा?' नाही.

कडी निघाली. खळग्याचं तिला काहीच वाटलं नाही, उलट उपाशी राहावं लागेल का याची काळजी. डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न तिने वहीत लिहून ठेवलेत.

तात्या, 'डिलीट फॉर एव्हरीवन'ची वेळ टळली म्हणालात ना, मग हे त्याच मेसेजच्या खाली चिकटवा. आणि तुम्ही आणखी कुठल्या कुठल्या ग्रुपवर टाकलं होतं ते आठवून तिथेही.