जरा पेन्सिल धरता का?

गेल्या आठवड्यात मासेमारी करताना खोल पाण्यात माझी गळाची दोरी तुटली. ती ताईच्या नवऱ्यामुळे तुटली, हे मी अजून त्यांना तोंडावर सांगू शकलेलो नाही. बहिणीच्या नवऱ्याला असलं काही सुनवायची आपल्यात सोयच नाही. म्हणून इथे लिहितोय.

खोल पाण्यात गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचे, तर दीडशे-दोनशे मीटर खाली शिशाचं वजन टेकवावं लागतं. तिथे साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, काही कामाचा नाही. नायलॉनला ताण बसला की ते सहज वीस-पंचवीस टक्के लांबतं. खाली मासा गळाशी खेळून, आमिष खाऊन, तोंड पुसून निघून जातो आणि वर तुम्ही ढगांचे आकार बघत असता. हिसका मारलात तरी तो वाटेतच जिरतो. म्हणून ब्रेडेड दोरी घ्यायची. पॉलिइथिलीनचे बारीक धागे वेणीसारखे विणून केलेली ही दोरी जेमतेम तीन-चार टक्के ताणते, आणि तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा निम्म्या जाडीची असते. बारीक म्हणून प्रवाह तिला कमी ओढतो, आणि प्रवाह कमी ओढतो म्हणून शिसंही हलकं चालतं.

आता ती निवडायची कशी, तर खोक्यावर एकाच दोरीचं माप पौंडात, किलोत, मिलिमीटरमध्ये आणि वर ‘पीई’ नावाच्या जपानी क्रमांकात दिलेलं असतं. शिवाय चार पदरी, आठ पदरी, बारा पदरी. एवढं सगळं छापतात, पण ‘ही भरायला दुसरा माणूस लागेल’ हे एका कोपऱ्यातही छापत नाहीत. खरी अडचण तीच आहे. दोरीच्या फिरकीच्या भोकातून पेन्सिल घालून कुणीतरी ती धरायची, दुसऱ्या हाताने ओल्या फडक्यात दोरी दाबून ताण द्यायचा आणि आपण रीळ फिरवायचं. दोरी सैल बसली तर पुढे मासा ओढायला लागल्यावर वरचा ताणलेला पदर खालच्या सैल थरांत घुसतो आणि तिथेच अडकतो.

तर ताई-भाऊजी आले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मला निघायचं होतं. भाऊजींनी आपणहून विचारलं, "काय चाललंय? दे, मी धरतो."

भाऊजी बँकेतून निवृत्त झालेत. माणूस अत्यंत सज्जन. पण त्यांना हात न हलवता बोलता येत नाही, आणि न बोलता राहता येत नाही. पेन्सिल आणि फडकं मिळून दोन हात लागतात. भाऊजींकडे दोनच आहेत.

पहिली शंका तंगुसाची निघाली. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते, रिकाम्या रिळावर थेट बांधली तर सगळा गुंडाळाच्या गुंडाळा जागच्या जागी फिरतो. म्हणून तळाला आधी तंगूस भरतात.

"म्हणजे खाली स्वस्त माल आणि वर भारी माल?" भाऊजी म्हणाले. "ह्याला आमच्या बँकेत वेगळं नाव होतं." हे म्हणताना त्यांनी त्या वेगळ्या नावाचा आकार हवेत काढला. फडकं खाली.

"भाऊजी, फडकं."

"हो हो. ही दोरी पाण्यात बुडते ना पण?"

"नाही, तरंगते. पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं."

"तरंगते? आणि तू खोल पाण्यासाठी घेतलीस?"

"शिसं नेतं ना खाली."

"मग कौतुक शिशाचं कर. दोरीचं कसलं करतोस?" इथे दोन्ही हात वर.

मग निघाला हिशोब. माझ्या रिळावर लिहिलंय: ०.५० मिमी तंगूस, २५० मीटर. मी बोलता बोलता म्हणून गेलो की ०.२५ मिमीची दोरी हजार मीटर बसेल, मी ३०० मीटरच घेतलीय, म्हणून तळाला तंगूस जास्त.

"पाचशे," भाऊजी म्हणाले.

"हजार."

"अरे, जाडी निम्मी म्हणजे लांबी दुप्पट. साधं त्रैराशिक आहे."

"जाडी निम्मी झाली की दोरीने व्यापलेली जागा चौथाई होते, भाऊजी. व्यासाचा वर्ग."

"वर्ग कशाला मध्ये आणतोस? तीस वर्षं आकडेच बघितलेत मी."

पुढचं भाषण चक्रवाढ व्याजावर होतं, आणि ते मोठं होतं. मी मुकाट रीळ फिरवत राहिलो. थांबलो असतो तर त्यांना ते वादात जिंकल्यासारखं वाटलं असतं. ही दोरी दर दहा मीटरला रंग बदलते, किती खोल गेलो ते कळावं म्हणून. त्यामुळे कुठल्या थरात काय भरलं गेलं हे मला रंगासकट सांगता येतं. निळ्यात बँकेचं संगणकीकरण, पिवळ्यात ताईच्या धाकट्या जावेचं घर, आणि हिरव्यात, सगळ्यात सैल, व्यासाचा वर्ग.

मधेच त्यांनी फडकं बाजूला ठेवून नुसत्या बोटांत दोरी धरली. नको म्हणेपर्यंत ती चर्रकन बोटातून गेली. ब्रेडेड दोरी कापते, हातमोज्याशिवाय तिला ताणात धरूच नये. थेंबभर रक्त आलं. ताई धावत आली, हळद आली, पट्टी आली.

"सगळी उलगडून पुन्हा भरायला हवी," मी म्हणालो.

"अरे, त्यांनी बोट कापून घेतलं तुझ्यासाठी," ताई म्हणाली, "आणि तू पुन्हा भर काय म्हणतोस?"

विषय संपला. रिळाच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली मी थांबलो, तेव्हा भाऊजी सोफ्यावरून म्हणाले, "काठोकाठ भर की. जागा कशाला वाया घालवतोस?"

दुसऱ्या दिवशी बोटीवर मी सगळं नीट केलं होतं. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक, काट्यावर मोजून दोरीच्या ताकदीच्या चौथाईवर लावला होता. खडकाला घासून तुटू नये म्हणून पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा चिवट दोरीचा तुकडा, होता. गाठ थुंकी लावून आवळली होती. मासा लागला तोही सणसणीत. काठी वाकली, रीळ करकरलं, दोरी सुटायला लागली, एक रंग गेला, दुसरा गेला, आणि हिरवा लागताच रीळ गप्प. वरचा पदर हिरव्यात रुतला होता. ड्रॅग कितीही हळुवार लावा, दोरी जागची हलेना म्हटल्यावर त्याला विचारतो कोण? फटाक असा आवाज आला आणि काठी सरळ झाली. शेजारचा म्हणाला, "घट्ट भरायला पाहिजे होती." मी त्याला काही बोललो नाही. त्याचा काय दोष?

फिरकी धरून ठेवणारा स्टँड बाजारात मिळतो. एका हाताने स्क्रू घट्ट करायचा की तो हवा तेवढा ताण देतो आणि चक्रवाढ व्याजावर बोलत नाही. तो मी मागवलाय. पण रिळावरची दोरी उलगडायची हिंमत अजून होत नाही, कारण घरात विषय दुसराच चाललाय. भाऊजींचं बोट. ते अजून पट्टी बांधून हिंडतायत. जखम केव्हाच भरली असणार, पण कुणी विचारलं की सांगतात, "खोल समुद्रातली मासेमारी. दोरीने कापलं." माझा मासा गेला ह्याची कुणी साधी चौकशी केली नाही. त्यांना मात्र लोक विचारतात, केवढा होता?

ते दाखवतात. दोन्ही हातांनी.