कावळा शिवला, बँक शिवेना

वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा दोन मिनिटांत शिवला होता. त्याने ना आधार कार्ड मागितले, ना नावातील अक्षरे जुळवून पाहिली. बँकेने मात्र परवा मला सातव्यांदा परत पाठवले. कारण काय, तर मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’ आहे आणि मुदत ठेवीच्या पावतीवर ‘दत्तात्रेय’. २,४०,००० रुपये एका मात्रेला लटकले आहेत. दोन्ही नावांचे गृहस्थ एकच होते, असे प्रतिज्ञापत्र आता करायचे आहे, आणि त्यासाठीचा शंभराचा मुद्रांक २०२४ पासून पाचशेचा झाला आहे.

मी बाकावर बसून कागद आवरत होतो, तेव्हा शेजारच्या छत्रीधारी आजोबांनी माझ्या फाइलमध्ये, परवानगीची वाट न पाहता, मान घातली.

“वडील?”

“गेले.”

“किती?”

“अडुसष्ट.”

“वय नाही विचारलं. रक्कम.”

मी रक्कम सांगितली, ही माझी चूक. आजोबा सावरून बसले. नॉमिनी कोण, हा त्यांचा पुढचा प्रश्न. नॉमिनी म्हणून मोठ्या काकांचे नाव होते आणि काका वडिलांच्या आधी चार वर्षे गेले होते. “असते तरी काय?” आजोबा म्हणाले. “नॉमिनी म्हणजे हमाल. सामान घरापर्यंत पोहोचवायचं, आपल्या घरात नाही ठेवायचं.” विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये साधारण हेच सांगितले आहे, फक्त त्या निकालांत हमाल हा शब्द नाही. ठेवीला आता चार जणांची नावे लावता येतात, हेही आजोबांनी सांगितले. नोव्हेंबर २०२५ पासूनची ही सोय वडिलांनी पाहिली असती, तर चारही नावे त्यांनी आपल्याहून वयस्कर माणसांची लिहिली असती, याबद्दल मला शंका नाही.

“वारस किती?”

“आई, मी आणि बहीण. तीन.”

“वडिलांची आई?”

“आहे. एकोणनव्वद वर्षांची.”

आजोबा छत्रीसकट उभे राहिले. “मग चार!” हे त्यांनी मला सांगितले नाही, शाखेला सांगितले. टोकन क्रमांक पुकारणारे यंत्रही क्षणभर थांबल्यासारखे वाटले. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू पुरुषाची आई ही १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातील वारस असते, पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने. बाप मात्र दुसऱ्या वर्गात बसतो. माझे आजोबा हयात असते, तर आयुष्यभर घर चालवल्याचा दावा करणाऱ्या त्या माणसाला हे कसे सांगितले असते, कोण जाणे. खिडकीपलीकडील बाईंनी मात्र मान वर न करता माझ्या यादीत भर घातली: आजींचे केवायसी, आजींची सही, आजींचे नाहरकत पत्र.

खिडकीशेजारी एक सूचना लावली आहे. सर्व कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत मृत खातेदाराचा दावा निकाली काढू, असे त्यात म्हटले आहे. उशीर बँकेमुळे झाला, तर वारसांना भरपाई मिळायची तरतूदही आहे. या साऱ्याची किल्ली ‘पूर्ण’ या शब्दात आहे. कागद पूर्ण झाल्याखेरीज घड्याळ सुरू होत नाही, म्हणून बँकेला उशीर होत नाही; उशीर होतो तो वारसांना. आणि रक्कम मोठी असती किंवा आमच्यात भांडण असते, तर १९२५ च्या कायद्याखालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र आणायला कदाचित न्यायालयातही जावे लागले असते. आम्ही भांडत नाही, हेही आम्हाला पुन्हा कागदावरच लिहून द्यायचे आहे.

घरी येऊन आजीला वाट्याचे सांगितले. तिने आधी विचारले, “सुनेला किती?”

“तुझ्याइतकेच. साठ हजार.”

“माझ्याइतकेच?” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला नकोत त्याचे पैसे. पण माझा वाटा आहे, हे तू मला आत्ता सांगतोस?” याचे माझ्यापाशी उत्तर नव्हते. सातही खेपांत मी वारस मोजताना तिला मोजलेच नव्हते.

तिच्या बोटांचे ठसे आधारच्या यंत्राला उमटत नाहीत. जात्यावर आणि भांड्यांवर ते केव्हाच झिजले. शेवटी तिने थरथरत्या हाताने नाहरकत पत्रावर सही केली: ‘लक्ष्मीबाई’. आधार कार्डावर नुसतेच ‘लक्ष्मी’ आहे.

आज आठव्यांदा गेलो. आजोबांनी बाकावर माझ्यासाठी छत्री ठेवून जागा धरली होती. त्यांचे स्वतःचे काम काय, म्हणून मी विचारले. “पासबुक भरून घ्यायचं होतं,” ते म्हणाले. “ते झालं जानेवारीतच.”